दारातल्या स्पीकरला नवी वायर: टाकायची केव्हा आणि कशी?

गाडीचे मूळ स्पीकर बदलायला निघालेल्या वाचकांचा एक प्रश्न वारंवार येतो. दुकानदार सांगतो, ‘कंपनीची वायर बारीक आहे, दारातून नवी जाड वायर ओढावी लागेल, मजुरी वेगळी.’ सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, ‘वायर कापलीत तर वॉरंटी गेली.’ आणि मित्र सांगतो, ‘अरे, काही करू नकोस, कपलर-टू-कपलर लाव आणि मोकळा हो.’ तिघांच्या म्हणण्यात थोडं थोडं तथ्य आहे, पण तुमच्या गाडीला नेमकं कोणाचं लागू पडतं, हे कोणी सांगत नाही.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात तर हा गोंधळ व्हायला नको. टाटांच्या हॅरियर, सफारी, अल्ट्रोझ पिंपरीत तयार होतात; महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज चाकणला. तुमच्यापैकी अनेकजण याच कारखान्यांत किंवा त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांत कामाला आहात. हार्नेस (वायरींचा जुडगा) लाइनवर काम केलेल्या माणसाला क्रिंप, म्हणजे दाबून बसवलेला जोड, ओढून का तपासतात, हे वेगळं सांगावं लागत नाही. तीच शिस्त स्वतःच्या गाडीच्या दारालाही लावायची, एवढंच या लेखाचं सांगणं आहे.

आधी ठरवा: नवी वायर हवीच आहे का?

बहुतेकांना नको आहे. एक साधा हिशेब पाहा. स्टिरिओपासून दारापर्यंत वायरची लांबी 4 मीटर धरू, म्हणजे जाऊन-येऊन 8 मीटर. मूळ वायर अर्धा एमएमची (0.5 चौरस मिलिमीटर) असेल, तर तांब्याच्या वायरचा रोध सुमारे 0.28 ओहम येतो. 4 ओहमच्या स्पीकरवर त्यामुळे आवाजात जेमतेम अर्ध्या डेसिबलची घट होते. तीच वायर दीड एमएमची केली, तर घट सुमारे 0.2 डेसिबलवर येते. फरक पडतो, पण कानाला सहज कळेल एवढा नाही.

त्यामुळे निर्णय असा घ्या:

- फक्त स्पीकर बदलताय: मूळ वायर पुरेशी आहे. तुमच्या गाडीच्या कपलरला जुळणारा अडॅप्टर घ्या.
- स्टिरिओही बदलताय, पण वेगळा अॅम्प नाही: तरीही मूळ वायर पुरेशी. खोक्यावर ‘50 वॉट × 4’ छापलेलं असलं, तरी स्टिरिओची सलग ताकद दर चॅनेलला 15 ते 20 वॉटच असते.
- अॅम्प बसवताय, दर चॅनेलला 50 वॉट आरएमएसच्या (म्हणजे सलग ताकदीच्या) आसपास: अॅम्पपासून दाराच्या खांबापर्यंत दीड एमएमची वायर घ्या. दाराच्या रबरातून जाणारा हातभर तुकडा मूळ वायरचाच राहू द्या.
- 75–100 वॉट आरएमएस किंवा त्याहून जास्त, 2 ओहमचे स्पीकर, किंवा वूफर आणि ट्वीटरला वेगवेगळे चॅनेल: इथे नवी वायर थेट दारात नेण्याचा विचार रास्त आहे.
- गाडीत कंपनीचाच अॅम्प आहे: एक्सयूव्ही 700 च्या वरच्या प्रकारातली सोनीची 12 स्पीकरची यंत्रणा किंवा हॅरियरमधली जेबीएलची यंत्रणा, अशा गाड्यांत स्पीकरची वायर स्टिरिओपासून नाही, अॅम्पपासून निघते. आवाजाची जुळवणीही त्या अॅम्पमध्येच झालेली असते. इथे एखादी वायर मध्येच तोडली, तर सगळी घडी विस्कटते. आधी जोडणीची आकृती मिळवा, मगच हात लावा.

तिसऱ्या पर्यायाबद्दल शंका येते, म्हणून त्याचाही हिशेब सांगतो. दारातून जाणारा अर्धा एमएमचा तुकडा 60 सेंटिमीटरचा धरला, तर त्याचा रोध अवघा 0.04 ओहम, म्हणजे 4 ओहमच्या एक टक्का. एवढ्यासाठी दाराचा कपलर फोडायची गरज नाही.

मागच्या दारांसाठी तर नवी वायर जवळजवळ कधीच नको. तिथली वाट मधल्या खांबातून जाते. त्याच खांबात सीटबेल्टचा रीळ आणि बऱ्याच गाड्यांत अपघाताच्या वेळी पट्टा आवळणारी यंत्रणा असते. मागच्या प्रवाशांना गाणी ऐकू येण्यासाठी मूळ वायर भरपूर झाली.

तुमच्या दाराची जोडणी कोणत्या प्रकारची?

पुढचं दार पूर्ण उघडा आणि बिजागरीच्या बाजूला पाहा. दार आणि खांब यांच्यामध्ये एक घड्यांची काळी रबरी नळी दिसेल. मेकॅनिक तिला ‘बूट’ म्हणतात. खांबाकडचं टोक हलक्या हाताने सोडवून पाहा. दोनपैकी एक गोष्ट दिसेल.

पहिला प्रकार, मोकळा बूट: वायरींचा जुडगा सलग आत जातो. काच, आरसा, लॉक आणि स्पीकर यांच्या वायरी कापडी टेपमध्ये गुंडाळलेल्या असतात. बाजूने एखादी बोटभर जागा उरलेली असेल, तर नवी वायर इथून जाऊ शकते.

दुसरा प्रकार, कपलर: बुटाच्या तोंडाशीच अनेक पिनांचा मोठा प्लास्टिक कपलर असतो आणि तो खांबात घट्ट बसतो. फोक्सवॅगन-स्कोडा घराण्याच्या गाड्यांत बहुधा असाच असतो. अलीकडच्या इतर गाड्यांतही दिसतो. इथे नवी वायर सरळ आत सरकवता येत नाही. तुमच्यापुढे हे पर्याय उरतात, पसंतीच्या क्रमाने:

1. मूळ पिना वापरणं. खांबाच्या आतल्या बाजूला जाड वायर मूळ स्पीकर वायरला जोडायची, दाराच्या आत पुन्हा जाड वायर. मधला तुकडा कंपनीचा. नव्वद टक्के कामासाठी हाच उत्तम.
2. कपलरमधली रिकामी खाच वापरणं. काही घरं रिकामी असतात. त्यात बसणारी नेमकी पिन मिळाली आणि ती योग्य हत्याराने क्रिंप केली, तर काम कंपनीसारखं होतं. पण पिन दोन्ही अंगांनी लागते, नर आणि मादी.
3. कपलरच्या रिकाम्या भागात भोक पाडणं. दुकानांत हे सर्रास चालतं. ड्रिल अर्धा मिलिमीटर सरकलं, तर शेजारची पिन जाते, आणि ती एअरबॅगच्या सेन्सरची असू शकते. शिवाय पाणी अडवणारं सील कायमचं जातं. टाळा.
4. खांबाच्या किंवा दाराच्या पत्र्याला वेगळं भोक पाडणं. नको म्हणजे नको. खांब गाडीच्या सांगाड्याचा भाग आहे, तिथलं पोलाद मुद्दाम जास्त ताकदीचं वापरलेलं असतं. भोकाच्या कडेला गंज धरतो, आणि धारदार कड वायर कापते.

वायर कोणती घ्यावी?

- शुद्ध तांब्याची, बारीक तारांची. घरगुती वायरिंगची ताठ वायर दारात वापरू नका. दार उघडबंद होताना ती एकाच जागी वाकते आणि तुटते.
- ‘सीसीए’ नको. म्हणजे आत अॅल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. रोध तांब्यापेक्षा दीडपटीहून जास्त, आणि वारंवार वाकल्यावर लवकर तुटते. तपासायचं तर एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी चमक दिसली, तर परत करा. मुलामा कथिलाचाही असू शकतो, पण मग पांढरा थर वर असतो आणि आत तांबं दिसतं.
- जाडी: दीड एमएम किंवा 16 गेज. बुटातून जायला वायरचं बाहेरचं आवरणही बारीक हवं. पारदर्शक, फुगीर आवरणाची ‘शोभेची’ वायर बुटात अडकते.
- सोबत: कापडी हार्नेस टेप, हीट श्रिंक नळी, क्रिंप जोड, ब्यूटाइल पट्टी आणि दाराच्या पॅडच्या चार-पाच जादा क्लिपा. पॅड काढताना एखादी क्लिप तुटतेच. पुण्यात नाना पेठेच्या सुट्या भागांच्या बाजारात गाडीचं मॉडेल आणि साल सांगून मागा. जुनी क्लिप नमुन्याला न्या.

काम कसं करावं: पायरीपायरीने

स्वतः करणार असाल तर एक सुट्टीचा दिवस आणि सावली हवी. दुकानात करून घेणार असाल, तरी या पायऱ्या माहीत असू द्या, म्हणजे शेजारी उभं राहून पाहता येईल.

1. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि निदान दहा मिनिटं थांबा. दार व काच आधीच उघडी ठेवा, किल्ली खिशात ठेवा. बॅटरी जोडल्यावर काचेचं ‘वन-टच’ पुन्हा शिकवावं लागतं. पद्धत गाडीच्या पुस्तिकेत असते.
2. पिवळ्या रंगाच्या कपलरला हात नाही. ती एअरबॅगची यंत्रणा. इलेक्ट्रिक गाडीतली नारिंगी केबल तर जिवाशी गाठ आहे.
3. दाराचं पॅड काढा. हँडलच्या मागचे आणि झाकणाखालचे स्क्रू आधी, मग प्लास्टिकच्या पट्टीने क्लिपा. लोखंडी स्क्रूड्रायव्हरने रंगावर ओरखडा जातो.
4. आतला प्लास्टिकचा पडदा फाडू नका. तो कडेपासून सावकाश सोडवा. बऱ्याच गाड्यांच्या पुढच्या दारात धडक ओळखणारा दाबाचा सेन्सर असतो. दारातली हवा कशी अडते यावर त्याचं काम चालतं. पडदा फाटका किंवा स्पीकरची कड उघडी राहिली, तर त्या कामात बिघाड होऊ शकतो.
5. बूट दोन्ही टोकांनी सोडवा. आतून सिलिकॉन स्प्रे किंवा साबणाचं पाणी मारा. ग्रीस आणि डब्ल्यूडी-40 सारखं तेल रबराला चालत नाही.
6. वायर ओढायला नायलॉनची पट्टी किंवा लांब झिप टाय वापरा. उघडी लोखंडी तार शेजारच्या वायरीचं आवरण सोलते. त्या वेळी काही कळत नाही. दोन महिन्यांनी काच मध्येच अडते.
7. ढील तपासा. दार पूर्ण उघडं असताना वायरवर ताण नको, बंद असताना ती चिमटीत सापडायला नको. बांधणी बुटाच्या दोन्ही बाहेरच्या अंगांना करा. बुटाच्या आत एकही जोड नको. रोज वाकणाऱ्या जागेत पक्का सोल्डरसुद्धा कडेला तुटतो.
8. बॅटरी तात्पुरती जोडून काच पूर्ण खाली-वर करा आणि मगच वायर पक्की करा. वायर काचेच्या रुळापासून आणि लॉकच्या सळीपासून दूर, मूळ हार्नेसच्या सोबत बांधलेली हवी.
9. स्पीकरजवळ वायरला खाली झोळ द्या. दारात पावसाचं पाणी येतच असतं. काचेच्या रबरातून आत झिरपून ते तळाच्या छिद्रांतून बाहेर पडतं. झोळ स्पीकरच्या टोकांहून खाली असला, की पाणी टोकांवर न जाता तिथून गळतं. दाराच्या तळाची छिद्रं डॅम्पिंगच्या चादरीने बुजवू नका.
10. पॅड लावण्याआधी मल्टिमीटर लावा. वायर अजून स्टिरिओ किंवा अॅम्पला जोडलेली नसताना तपासा. 4 ओहमच्या स्पीकरवर साधारण 3.2 ते 3.8 ओहम दिसायला हवं. प्रत्येक वायर आणि गाडीचा पत्रा यांच्यात काहीच जोड दिसायला नको. दिशा पाहायची तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा: सेलचं प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर कोन बाहेर येतो.

हमखास होणाऱ्या चुका

- स्पीकरची मायनस वायर बॉडीला जोडणं. जुन्या गाड्यांत काही ठिकाणी चालायचं. आजच्या स्टिरिओत दोन्ही वायरींवर व्होल्टेज असतं. एकही वायर पत्र्याला लागली की तो चॅनेल, कधी अख्खा स्टिरिओ, जातो.
- नुसता पीळ देऊन टेप गुंडाळणं. उन्हात टेपचा चिकटा सुटतो. चाकण-तळेगाव रस्त्यावर रोज जा-ये असेल, तर उरलेलं काम खड्डे करतात. क्रिंप करा, बोटाने ओढून पाहा, वर हीट श्रिंक चढवा.
- एका बाजूला प्लस-मायनस उलट. आवाज मोठा येतो, पण बास गायब होतो. लोक मग सबवूफर घ्यायला धावतात.
- अॅम्पची मुख्य वायर फ्यूजशिवाय. फ्यूज बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत हवा. ही वायर आणि सिग्नलची वायर शक्यतो गाडीच्या वेगवेगळ्या बाजूंनी न्या.

दुकानदाराला काय विचाराल?

- मूळ हार्नेस कुठे कापणार का? अडॅप्टर का नाही?
- दाराचा बूट वापरणार की कपलरला भोक पाडणार?
- वायर तांब्याची की सीसीए? बिलावर तसं लिहून देणार का?
- पडदा पुन्हा कशाने चिकटवणार?
- कामाची हमी किती, आणि पाणी आत आलं तर जबाबदारी कोणाची?

गाडी ताब्यात घेताना दुकानातच तपासा: चारही काचा, लॉक, आरसे, दार उघडं असल्याचा दिवा. इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंदांनी विझायला हवा. बॅलन्स एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे न्या. शेवटी दारावर बाहेरून पाइपने पाणी मारा आणि पायाखालचा गालिचा चाचपा. पावसाळ्याच्या तोंडावर काम केलं असेल, तर ही शेवटची तपासणी चुकवू नका.

वॉरंटी, विमा आणि कायदा

वॉरंटी: बाहेरच्या फिटिंगमुळे झालेलं नुकसान गाडीच्या वॉरंटीत येत नाही, असं उत्पादकांच्या अटींत साधारणपणे असतं. पण स्पीकर बदलला म्हणून गिअरबॉक्सची तक्रार नाकारली जात असेल, तर गप्प बसू नका. कोणत्या अटीखाली आणि कोणत्या कारणाने नाकारता, हे लेखी मागा. काम करण्याआधी आणि नंतर दाराच्या आतले फोटो काढून ठेवा. नवीन गाडी असेल आणि धोका नको असेल, तर कंपनीच्या अधिकृत अॅक्सेसरीजमधून डीलरकडेच बसवा. महाग पडतं, पण वाद राहत नाही.

लीजची गाडी: चाकण-तळवडे पट्ट्यात नोकरीसोबत मिळालेल्या लीजच्या गाड्या बऱ्याच आहेत. अशी गाडी कागदोपत्री तुमची नसते. लेखी परवानगी घ्या आणि मूळ स्पीकर जपून ठेवा. परत करताना लागतील.

आरटीओ: मोटर वाहन कायदा, 1988 चं कलम 52 आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या फेरबदलांना मनाई करतं. स्पीकर किंवा वायर बदलल्याने तो तपशील बदलत नाही, त्यामुळे एमएच-14 च्या कार्यालयात जाण्याची गरज नाही. सांगाडा कापणं मात्र वेगळी गोष्ट आहे.

विमा: कंपनीने गाडीसोबत न दिलेली विद्युत उपकरणं साध्या पॉलिसीत आपोआप येत नाहीत. त्यासाठी ‘आयएमटी-24’ हे जोडकलम घ्यावं लागतं. मूळ दरपत्रकात त्याचा जादा हप्ता उपकरणाच्या किमतीच्या 4 टक्के आहे, म्हणजे 20,000 रुपयांच्या यंत्रणेला वर्षाला 800 रुपये, कर वेगळा. बिल जोडून विमा कंपनीला कळवा.

आवाज: रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत सार्वजनिक जागी मोठ्याने संगीत लावण्यावर 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंधनं आहेत. निवासी भागातली मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवती 100 मीटरचं शांतता क्षेत्र असतं. काचा वर करून ऐका, म्हणजे प्रश्न उद्भवत नाही.

काम बिघडलं तर तुमचे हक्क

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सदोष फिटिंग ही सेवेतली त्रुटी आहे. बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘बिल हवं तर कर वेगळा’ हे वाक्य ऐकून मागे हटू नका. बिलच नसेल तर पुढचं सगळं अवघड होतं.

1. दुकानदाराला लेखी तक्रार द्या. व्हॉट्सअॅपवर दिली तरी तिची प्रत ठेवा. दुरुस्तीसाठी ठराविक मुदत द्या.
2. दुसऱ्या मेकॅनिककडून किंवा सर्व्हिस सेंटरकडून दोष काय आहे, हे जॉबकार्डवर लिहून घ्या. जुने भाग टाकू नका.
3. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणं इथेच मिटतात.
4. नाहीच मिटलं, तर पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील सक्तीचा नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षं.

गाडी दुकानात लावण्याआधी बिलावर तीन ओळी लिहून घ्या: न विचारता मूळ हार्नेस कापणार नाही, पत्र्याला किंवा कपलरला भोक पाडणार नाही, पाणी गळल्यास विनामूल्य दुरुस्त करून देऊ. जो दुकानदार एवढं लिहून द्यायला तयार नाही, त्याच्याकडून दाराचं पॅड उघडून घेऊ नका.